आठ दिवस भिंतीवर

८ जानेवारी

धाकटे,

तुझी बस सुटली त्याला आज पाच दिवस झाले. ससा जिवंत आहे. हे आधी लिहितो, कारण पत्र हातात पडल्यापासून ही बातमी सापडेपर्यंत तू श्वास घेणार नाहीस.

फोन का केला नाहीस, असं विचारू नकोस. आपल्या फोनची रीत तुला ठाऊक आहे. पहिलं मिनिट तब्येतीचं, दुसरं तुझ्या सल्ल्याचं आणि तिसऱ्या मिनिटाला दोघांपैकी एक जण फोन आपटतो. आई गेल्यावर आपण पत्रांवर आलो ते बरंच झालं.

तुझ्या चार पानी सूचना दुकानात माझ्या टेबलासमोर खिळ्याला टांगल्या आहेत. दवाखान्यात चाळीस वर्षं काढून मेट्रन म्हणून निवृत्त झालीस, ते पहिल्या ओळीतच कळतं. 'सकाळी सात, सुकं गवत देणे. सव्वासात, खाल्लं का ते पाहणे. साडेसात, पुन्हा पाहणे.' एवढं लक्ष माझ्याकडे कुणी दिलं असतं तर माझंही लग्न झालं असतं. चौथ्या पानाच्या तळाशी मात्र तू दोन ओळी एकीवर एक गिरवून ठेवल्या आहेस. खोडल्या असाव्यात असं समजून सोडून दिल्या.

सशाला तू मुकादम का म्हणतेस ते आता कळलं. मी घड्याळ उघडलं की तो टेबलाखालून बाहेर येतो, मागच्या दोन पायांवर उभा राहतो आणि काम बघतो. पसंत पडलं नाही तर पाय आपटून निघून जातो. पंचेचाळीस वर्षांत इतकं कडक गिऱ्हाईक पाहिलं नाही.

आता झालेली फजिती. परवा सकाळी हा मुकादम मान खाली घालून स्वतःच्याच लेंड्या थेट तिथूनच खाताना दिसला. मी घड्याळजी माणूस. यंत्र आपलाच कचरा आत ओढायला लागलं की आम्ही ते तिथल्या तिथे थांबवतो. शेजारच्या शिंप्याला विचारलं, तर तो म्हणाला, "डोक्यात गेलं असणार." मग भिंतीच्या घड्याळाच्या रिकाम्या खोक्यात मुकादमाला घातलं आणि जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. सगळं ऐकून म्हणाल्या, "काका, ससे त्या मऊ लेंड्या खातातच. त्यात सत्त्व असतं. खायचं सोडलं तर काळजी करायची." बाहेर बाकावर सात माणसं आणि सात कुत्री होती. दार उघडंच होतं. माणसं हसली. कुत्र्यांचं नक्की सांगता येत नाही.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. चार पानांत ही एक ओळ मावली असती.

तुझा,
दादा


११ जानेवारी

दादा,

तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. हेडबाई इतक्या हसल्या की प्लास्टरमधला पाय स्टुलावरून खाली आला आणि तो परत वर ठेवण्यात माझी सकाळ गेली. शाळेत मुख्याध्यापिका असताना एवढ्या हसल्या असत्या तर मुलांनी न्हाणीघरात पडू नका म्हणून आधीच सांगितलं असतं. त्यांचं प्लास्टर निघेपर्यंत, म्हणजे सहा आठवडे, मी त्यांची शुश्रूषा करत इथेच. त्यांची दोन कुत्री आहेत म्हणून तर मुकादम तुझ्या गळ्यात पडला.

लेंड्यांचं लिहिलं नाही, कारण ते जगाला ठाऊक आहे असं मी धरून चालले. तू जगात मोडत नाहीस हे विसरले.

आणि चौथ्या पानावर मी काही खोडलेलं नाही. माझी चारही पानं वॉर्डातल्या तक्त्यासारखी स्वच्छ असतात. तुझा चष्मा बदल. तुझं अक्षर तर दिवसेंदिवस मुंगीएवढं होत चाललंय. पत्र वाचून संपलं आणि उजव्या डोळ्याच्या वर जे दुखायला लागलं ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही.

इथे धुकं फार आहे. तिन्हीसांजेला रस्त्यावरच्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात, छान वाटतं. हेडबाई म्हणतात, धुकं कुठंय? त्या पाय वर करून घरात बसलेल्या, त्यांना काय कळणार.

एक लक्षात ठेव. जरा काही झालं की डॉक्टरकडे धावायचं नसतं. एक शिंक आली म्हणून रांगेत येऊन बसणाऱ्यांना मी चाळीस वर्षं घरी पाठवलंय. त्यांच्यामुळे खऱ्या आजाऱ्याला बसायला जागा मिळत नाही. तू त्यांच्यातला होऊ नकोस.

धाकटी


१६ जानेवारी

धाकटे,

झालो. त्यांच्यातलाच झालो.

काल दुपारी मुकादम माझ्या पायाशी बसला होता. मी एका मनगटी घड्याळाचा केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरला होता. तेवढ्यात धप्प आवाज आला. बघतो तर मुकादम कुशीवर पडलेला, पाय ताठ, डोळे अर्धे मिटलेले. स्क्रू कुठे गेला तो अजून सापडलेला नाही. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुला काय लिहायचं, याची पहिली दोन वाक्यंसुद्धा मनात तयार झाली.

त्याला उचललं आणि तसाच धावलो. अंगात कामाचा एप्रन, कपाळावर भिंग. बाकावर तीच माणसं होती. त्यांची कुत्री बरी का होत नाहीत कळत नाही. टेबलावर ठेवल्याबरोबर मुकादम उठला, अंग झटकलं आणि डॉक्टरीणबाईंचा औषधाचा कागद कोपऱ्यातून खायला लागला.

"काका," त्या म्हणाल्या, "हा खूश आहे. ससा अगदी निर्धास्त झाला की असा धपकन पडतो. तुमच्यावर विश्वास बसला त्याचा." 

त्याचा विश्वास बसला आणि माझ्यावरचा दवाखान्याचा उडाला. बाकावरच्या एका बाईंनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "घरी कुणी मोठं माणूस नाही का?" मी एकोणसत्तर वर्षांचा आहे. परत आलो तर शिंप्याने दारातच गाठलं. आज सकाळी शटर उघडतानाही त्याने विचारलं, "आज कुठला आजार?" लांडगा आला रे आला ही गोष्ट मी लहानपणी तुला सांगायचो, आता शिंपी मला सांगतो.

तेव्हा मी एक विचार केला आहे. घड्याळांसाठी माझा नियम तुला माहीत आहे. गिऱ्हाईक म्हणतं, घड्याळ मागे पडतंय. मी ते उघडत नाही. आठ दिवस माझ्या भिंतीवर टांगतो, खाली चिठ्ठी लावतो आणि रोज त्यावर लिहितो. निम्मी घड्याळं भिंतीवरच बरी होतात, कारण दोष गिऱ्हाइकाच्या घरच्या वाकड्या खिळ्यात असतो. उगाच उघडलेलं घड्याळ पहिल्यासारखं राहत नाही, हे माझे उस्ताद सांगायचे.

मुकादमालाही हाच नियम लावावा म्हणतो. तुझं मत कळव. त्या बाकासमोरून पुन्हा जायची माझी हिंमत नाही.

दादा


१९ जानेवारी

दादा,

एकोणसत्तर वर्षांत आज पहिल्यांदा तू शहाण्यासारखं लिहिलंस. आठ दिवस भिंतीवर. अगदी बरोबर. त्याआधी दवाखान्याची पायरी चढायची नाही, हा माझा हुकूम समज.

मुकादम दणकट आहे. गेल्या वर्षी त्याने माझी चप्पल, फोनची वायर आणि शेजारणीच्या पत्रिकेचं अर्धं पान खाल्लं, ढेकरसुद्धा दिली नाही. दुखणं त्याच्या वाटेला जाणार नाही. तूच त्याच्याकडे बघून बघून त्याला आजारी पाडशील.

इकडे हेडबाईंनी मला वर्गातलं मूल समजायला सुरुवात केली आहे. काल चहा ओतताना थोडा कपाच्या बाहेर गेला. थोडा म्हणजे सगळा. लगेच म्हणतात, "तुम्ही दाराच्या उजव्या चौकटीलाही रोज खांदा मारता." दार अरुंद आहे, असं मी सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांत लाल शाईने चुका काढल्यावर माणसाची नजर तशीच होते. डोकं मात्र अधूनमधून धरतं. हवा पालटली की व्हायचंच.

मुकादमाला माझ्या वतीने कानामागे खाजव. डाव्या, उजव्या नाही.

धाकटी


२३ जानेवारी, सकाळी दहा

धाकटे,

मुकादम खात नाही.

काल संध्याकाळची कोथिंबीर तशीच पडली आहे. आज सकाळचं गवतही. सव्वासातला पाहिलं, साडेसातला पाहिलं. तो कोपऱ्यात पाठ वर करून गोळा होऊन बसला आहे. मी त्याच्यासमोर मुद्दाम एक जुनं टोल्यांचं घड्याळ उघडलं, चाकं चुकीच्या क्रमाने लावली, तरी बघायला आला नाही. तबकात एक लेंडी नाही. ओरडत नाही, कण्हत नाही, काही नाही.

मी दोनदा खोकं काढलं आणि दोनदा ठेवून दिलं. तुझा हुकूम, माझा नियम आणि बाकावरची सात माणसं, तिघांचं एकमत आहे. म्हणून चिठ्ठी लिहून त्याच्या कोपऱ्यावर भिंतीला लावली आहे:

वस्तू: ससा, राखाडी, एक.
मालक: परगावी.
तक्रार: खात नाही.
भिंतीवर: दिवस पहिला.

चिठ्ठी नेहमीसारखीच आहे, पण या वेळी ती लावताना हाताला बरं वाटलं नाही. हे पत्र पेटीत टाकून येतो.

दादा


२५ जानेवारी

दादा,

तुझं पत्र आत्ता मिळालं. तेवीसचं. आज पंचवीस.

अरे, खाणं बंद झालं की भिंत नाही, काही नाही. ससा म्हणजे कुत्रा नव्हे, एक दिवस उपास केला तर चालेल म्हणायला. सशाचं पोट थांबलं की ससा थांबतो. आणि तो सांगत नाही. रानात जो कण्हतो त्यालाच आधी कुणीतरी उचलून नेतं, म्हणून ससा शेवटपर्यंत तोंड मिटून बसतो. जो जीव दुखणं लपवतो त्याला आठ दिवस द्यायचे नसतात. हे मी लिहून ठेवलं होतं. चौथ्या पानावर, सगळ्यांत शेवटी, कारण शेवटचं लक्षात राहतं. तू वाचलं कसं नाहीस?

शिंप्याला फोन केला. तो म्हणाला, "परवा दुपारपासून कुलूप आहे. दोघंही दिसले नाहीत." दोघंही. तुझं दुकान पंचेचाळीस वर्षांत दुपारी बंद झालेलं मला आठवत नाही. तू त्याला कुठे पुरायला घेऊन गेलास का?

गेला असेल तर सरळ लिही, गोल गोल लिहू नकोस. निवृत्त झाल्यापासून घरात दार उघडलं की धावत येणारा तो एकटाच आहे. मेट्रनच्या तोंडी हे शोभत नाही, पण खरं आहे. आणि चूक तुझी नाही, दादा. हुकूम माझा होता. उंटावरून शेळ्या हाकल्या मी.

धाकटी


२५ जानेवारी

धाकटे,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितो आहे. मुकादम जिवंत आहे. आता सावकाश वाच.

तेवीस तारखेला पत्र टाकून आलो. दुपारी काम होईना. माझ्याकडे उस्तादांची एक लाकडी नळी आहे, एक टोक घड्याळाच्या पाठीला आणि दुसरं कानाला लावून टिकटिक ऐकायची. गेले तीन आठवडे दुपारच्या वेळी मी ती गंमत म्हणून मुकादमाच्या पोटाला लावत होतो. आत सारखी गुडगुड चालायची, किटलीत पाणी तापतं तशी. परवा लावली तर आत काही नाही. मी नळी माझ्या मनगटावरच्या घड्याळाला लावून पाहिली. नळी ठीक होती. पुन्हा पोटाला लावली. शांत.

तेव्हा माझी मलाच लाज वाटली. भिंतीवर टांगतात ते चालणारं घड्याळ. मागे पडणारं, पुढे जाणारं, पण चालणारं. बंद पडलेलं घड्याळ कुणी आठ दिवस टांगून ठेवतं का? ते त्याच दिवशी उघडायचं. हे मला पंचेचाळीस वर्षं माहीत आहे. पण चार माणसं हसतील या भीतीने मी माझाच नियम अर्धा वाचला.

चिठ्ठी काढली, शटर ओढलं. शिंपी गिऱ्हाइकाच्या मापात होता, त्याला सांगितलं नाही, कारण त्याने विचारलं असतं, "आज कुठला आजार?"

या वेळी डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "कधीपासून?" म्हणाल्या. मी सांगितलं, काल संध्याकाळपासून, आणि नळीचंही सांगितलं. त्यांनी आपली नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "आणलंत ते बरं केलंत. उद्यावर टाकलं असतं तर..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पाठीच्या कातडीखाली सलाईन दिलं, दुखणं थांबायला सुई दिली, पोट चालू व्हायला औषध दिलं. मग दर तीन तासांनी सुई नसलेल्या पिचकारीने हिरवी पेज भरवायची होती, गालाच्या कडेने, थेंब थेंब. ते काम मी मागून घेतलं. घड्याळाला तेल सोडतात तसंच ते आहे, घाई केली की सगळं वाया. बाईंनी मागच्या खोलीत मला एक खुर्ची दिली. दोन दिवस मी तिथेच होतो.

आज सकाळी दहा वाजता तबकात एक लेंडी पडली. एकच. मी दार उघडून ओरडलो. बाकावरची माणसं कुत्र्यांसकट उठून आत आली आणि आम्ही सगळे ती लेंडी बघत उभे राहिलो. घरी मोठं माणूस नाही का म्हणणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. दुपारी मुकादमाने स्वतः होऊन गवताची एक काडी ओढली.

आता घरी आलो आहोत. आल्या आल्या तुझं चौथं पान खिळ्यावरून काढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि त्या गिरवलेल्या दोन ओळी एकेक अक्षर सुटं करून वाचल्या. वरची ओळ, 'बारा तास काही खाल्लं नाही तर लगेच डॉक्टर.' तिच्यावरच लिहिलेली खालची ओळ, 'वाट बघायची नाही.'

तू खोडलं नव्हतंस, हे कबूल. मग एका ओळीवर दुसरी लिहिलीस, ती तुला दिसली कशी नाही?

दादा


२७ जानेवारी

धाकटे,

तुझं पंचवीसचं पत्र सकाळी आलं. वाचून तसाच शिंप्याकडे गेलो आणि तुला फोन लावला. तू हॅलो म्हणालीस, मी "खातोय" म्हणालो आणि दोघांपैकी कुणी आपटायच्या आत ठेवून दिला. आपला हा पहिला यशस्वी फोन.

आता माझं ऐक. आज दिवसभर तुझी पत्रं आणि ती चार पानं टेबलावर ओळीने मांडून भिंगाखाली पाहिली. अकरा तारखेच्या पत्रात ओळी सरळ आहेत. एकोणीसच्या पत्रात उजव्या कडेचे शब्द कागदाबाहेर गेले आहेत, तीन ठिकाणी तू टेबलावर लिहिलं आहेस. पंचवीसच्या पत्रात ओळी ओळींवर चढल्या आहेत. मी आधी म्हटलं, रडत लिहिलं असेल. पण रडण्याने शाई फुटते, ओळी सरकत नाहीत.

मग मी तू काय लिहिलं आहेस ते वाचलं. दिव्यांभोवतीची रंगीत कडी. उजव्या डोळ्यावरचं दुखणं. कपाबाहेरचा चहा. उजवी चौकट.

माझे उस्ताद दिव्याभोवती कडी दिसतात म्हणायचे. चहाची वाफ असेल, म्हणायचे. डोकं धरून बसायचे आणि म्हणायचे, आठ दिवस बघू. नियम त्यांचाच. वर्षभरात त्यांना चिमट्यातला स्क्रू दिसेना, मग चिमटा दिसेना. शेवटची सहा वर्षं ते घड्याळ हातात घेऊन नुसतं चाचपायचे आणि कोणतं आहे ते बरोबर सांगायचे. लोक वाहवा करायचे. मी शेजारी बसून त्यांना स्क्रू देत असे. मला ती वाहवा कधी ऐकवली नाही.

जो जीव दुखणं लपवतो त्याला आठ दिवस द्यायचे नसतात. वाक्य तुझं आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सोबत चिठ्ठी जोडली आहे:

वस्तू: बहीण, धाकटी, एक.
मालक: स्वतःच, असं तिचं म्हणणं.
तक्रार: वस्तूच्या मते काही नाही.
भिंतीवर: एकही दिवस नाही. उद्याच उघडून घेणे.

दादा


३० जानेवारी

दादा,

मुकादमाचं वाचून इतकं बरं वाटलं की तुझं पुढचं पत्र आलं नसतं तर बरं झालं असतं.

माझ्या डोळ्यांत नाक खुपसू नकोस. मी चाळीस वर्षं आजारी माणसं पाहिली, तू घड्याळं. चष्म्याचा नंबर वाढला आहे, एवढंच. हेडबाईंना उचलायचं, बसवायचं, औषधं द्यायची, त्यात मी डोळे दाखवत हिंडू? घरी आल्यावर बघू. तीन आठवड्यांनी काही आकाश कोसळत नाही.

चिठ्ठी फाडली नाही, कारण कागद चांगला आहे.

धाकटी


१ फेब्रुवारी

हेडबाई,

सादर नमस्कार. पायाला आराम पडत असेल. आपली ओळख नाही, पण माझ्या फजितीवर आपण पोटभर हसला आहात, त्या नात्याने लिहितो.

माझी बहीण आपली शुश्रूषा करते आहे. तिच्या डोळ्यांत काहीतरी बिघडलं आहे आणि ती कबूल करत नाही. धुकं नाही, हे आपण म्हणाला होता. त्यावरून आपण खरं बोलणाऱ्या आहात असं वाटतं, तरी एक खोटं बोलावं ही विनंती.

तिला 'तुम्ही आजारी आहात' असं म्हटलं तर ती तिथून हलणार नाही. पण दुसरं कुणी आजारी असेल तर ती त्याला पाठीवर घेऊन जाईल. आपल्याला अचानक धूसर दिसू लागलं आहे, असं सांगावं. पुढचं ती आपोआप करील.

आपला,
घड्याळजी


९ फेब्रुवारी

दादा,

तू आणि हेडबाई, दोघंही लबाड आहात. एक माणूस प्लास्टरमधला पाय घेऊन खोटं बोलू शकतं यावर माझा विश्वास नव्हता.

तीन तारखेला सकाळी त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "मला धूसर दिसतंय हो." मी तिथल्या तिथे गाडी बोलावली. कुबडी, पाय, बाई, सगळं आत बसवलं आणि वाटभर त्यांना झापलं. डोळ्याच्या बाबतीत दिरंगाई करायची नसते, धूसर दिसायला लागल्यापासून किती दिवस झाले, एवढ्या शिकलेल्या तुम्ही. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मला वाटलं, पश्चात्ताप होतोय. हसू दाबत होत्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना दोन मिनिटांत मोकळं केलं. मग बाई म्हणाल्या, "आता ह्यांचे." वर्गात म्हणतात तसं म्हणाल्या, आणि मी जाऊन खुर्चीत बसलेसुद्धा.

डॉक्टरांनी बघायला सुरुवात केली आणि मधेच बोलायचे थांबले. ते थांबणं मी ओळखते. चाळीस वर्षं मी त्या थांबण्याच्या शेजारी उभी राहिले, समोर कधी बसले नव्हते. डोळ्यातला दाब फार वाढला होता. त्याच दिवशी औषधं, आणि दुसऱ्या दिवशी किरणांनी दोन्ही डोळ्यांत एवढंसं छिद्र पाडलं, दाब उतरायला. दुखलं नाही. मी तिथल्या नर्सला फक्त दोन सूचना केल्या. उजव्या डोळ्याची कडेची नजर थोडी गेली आहे, ती परत यायची नाही. बाकीची राहिली. "तीन आठवडे थांबला असतात तर..." असं म्हणून त्यांनीही वाक्य पुरं केलं नाही. सगळे डॉक्टर एकाच शाळेत शिकतात वाटतं.

दादा, मला ठाऊक होतं. डिसेंबरपासून ठाऊक होतं. तुझ्या उस्तादांना ते काय आहे हे माहीत नव्हतं, मला माहीत होतं, नावासकट. मी दुसऱ्यांना इतक्या वेळा त्या खुर्चीत बसवलं आहे की आपण बसायचं म्हटल्यावर मला भीती वाटली. धुकं नव्हतं.

दुकानातून त्याचं खाणं, पिणं, लेंड्या एवढंच कळव म्हटलं होतं, आणि तू माझ्या ओळी मोजत बसलास. तुझा राग आला होता. थोडा अजून आहे. उरलेला भेटीत काढीन.

तुझी चिठ्ठी परत पाठवते आहे. 'उघडून घेणे' याच्या खाली मी लिहिलं आहे, 'उघडली. चालू आहे.' तुझ्या दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं असतं ना, दुरुस्त वस्तू स्वतः येऊन घेऊन जाणे. हेडबाईंचं प्लास्टर सोळा तारखेला निघतंय. न्यायला ये. एकटीने बसच्या पायऱ्या चढायची भीती वाटते. मेट्रनने असं लिहिलं, हे शिंप्याला सांगू नकोस.

तेवढा दिवस मुकादमाला शिंप्याकडे ठेव. त्याच्यासाठी चौथं पान नव्याने लिहून सोबत पाठवलं आहे. भिंतीला लाव, त्याच्याकडून मोठ्याने वाचून घे.

लावायच्या आधी ओळी सरळ आल्यात का, ते मात्र बघ. भिंग लावू नकोस. नुसत्या डोळ्यांनी बघ.

तुझी,
धाकटी